ठाण्याहून फोर्टात : पाडलेल्या तटाच्या मागावर एक शनिवार

"मावशी, चर्चगेटला चर्चही नाही आणि गेटही नाही. मग नाव कसं पडलं?"

भाचीने हा प्रश्न भर मे महिन्यात, रविवारी दुपारी दोन वाजता, चर्चगेट स्टेशनबाहेर विचारला. तोवर आम्ही मेगाब्लॉकमध्ये रखडत ठाण्याहून सीएसएमटी गाठली होती, उन्हात भलत्याच रस्त्याने चालत आलो होतो आणि जिजाजींनी दुसऱ्यांदा "आता एखादं एसी हॉटेल बघा" असं सुनावलं होतं. मला उत्तर येत नव्हतं. घरी आल्यावर बाबांना विचारलं. बाबा तीस-बत्तीस वर्षं नौपाड्यातून फोर्टात नोकरीला गेलेले, कोणत्या डब्यातून उतरलं की जिना समोर येतो हे त्यांना झोपेतही सांगता येईल. ते म्हणाले, "अगं, आम्ही मस्टर गाठायला पळायचो. वर बघायला वेळ कुणाला होता?"

मग मी हट्टाला पेटले. गेल्या काही वर्षांत दहा-बारा वेळा तरी फोर्ट पायी फिरले, पाहुण्यांना फिरवलं, चुका केल्या. त्यातून जो रस्ता पक्का झाला तो इथे देते. माझं म्हणणं एवढंच की फोर्टात इमारतींची यादी घेऊन फिरू नका. एक तट होता, तो पाडला, हे डोक्यात ठेवून फिरा. तटाच्या आत काय होतं, तटाच्या जागी काय आलं आणि तटाबाहेर काय उभं राहिलं, या क्रमाने चाललं की गल्ल्या अरुंद का, रस्ते एकदम रुंद का होतात, मैदानं तिथेच का, हे सगळं आपोआप उलगडतं. चर्चगेटसुद्धा.

आधी वार आणि वेळ

शनिवार घ्या, त्यातही दुसरा किंवा चौथा. बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात, त्यामुळे फुटपाथवर पाय ठेवायला जागा मिळते, पण खाण्यापिण्याची दुकानं आणि टपऱ्या चालू असतात. रविवारी रस्ते आणखी मोकळे असतात, पण मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आपल्याच नशिबी येतो आणि फोर्टातली निम्मी खाणावळी कुलपं लावून बसलेली असतात. फोटोसाठी रिकामे रस्ते हवे असतील तरच रविवार.

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळाही चालतो, कारण फोर्टात कमानींखालून चालायची सोय आहे. ती कुठे ते पुढे सांगते. एप्रिल, मे आणि ऑक्टोबर टाळा. मी टाळले नव्हते.

सकाळी सातच्या सुमारास ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल पकडा. फास्ट पाऊण तासात पोचवते, धीमी तासभर घेते, पण खिडकी मिळते आणि या प्रवासात खिडकीला अर्थ आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून आली ती आपल्या ठाण्यालाच. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. आपण तोच मार्ग उलटा जातो. वाशी, बेलापूर, पनवेलकडच्यांना हार्बरने थेट सीएसएमटी आहेच.

पाण्याची बाटली, टोपी, मळखाऊ बूट घ्या. सगळं मिळून पाचेक किलोमीटर चालणं होतं, थांबत थांबत पाच तास. स्वच्छतागृह स्टेशनवरच उरकून घ्या. पुढे लवकर चांगली सोय दिसत नाही, बायकांनी तर हे गंभीरपणे घ्यावं.

पहिला मुक्काम : ज्या स्टेशनातून आपण नुसते पळतो

लोकलमधून उतरून थेट भुयारी मार्गाकडे जाऊ नका. आधी जुन्या तिकीटघरात जा आणि मान वर करा. छतावर सोनेरी तारे आहेत. या दालनाला 'स्टार चेंबर' म्हणतात. बाबांनी इथून पास काढला असेल शेकडो वेळा. तारे त्यांनी पहिल्यांदा पाहिले ते निवृत्तीनंतर, माझ्याबरोबर. खिडकीपुढे रांगेत उभा असलेला एक गृहस्थ आमच्या नजरेचा माग काढत वर बघायला लागला, मग त्याच्या मागचा.

मग बाहेर येऊन रस्ता ओलांडा आणि महापालिकेच्या बाजूने इमारत समोरून पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा वास्तुविशारद. काम १८७८ ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घुमटाच्या टोकावरची बाई म्हणजे 'प्रगती'. मुलं बरोबर असतील तर त्यांना दगडातली माकडं, खारी, मोर शोधायला लावा. अर्धा तास तुमचा. या कोरीवकामात जेजे कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

मी मात्र एकच गोष्ट शोधायला सांगते: पगडी. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे मुखवटे गोल चौकटीत कोरले आहेत. त्यात गोऱ्यांच्या रांगेत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत. नाना शंकरशेट पगडीवरून ओळखू येतात. ठाण्यापर्यंत आगगाडी यावी म्हणून खटपट केलेल्यांपैकी हा आपला माणूस. ते पुन्हा भेटतील, आणखी अर्ध्या तासाने.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिच्यापुढचा पुतळा फिरोजशहा मेहतांचा. इथे फार रेंगाळू नका. भूक लागली असेल तर स्टेशनसमोर 'आराम' मध्ये वडापाव खा. १९३९ पासूनचं दुकान आहे. आपल्या ठाण्याच्या वड्याशी तुलना करायचा मोह होतो, तो करावाच.

तटाच्या आत : बझारगेट

आता तटाची गोष्ट. इंग्रजांच्या वस्तीभोवती पक्का तट घातला तो गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, १७१६ च्या सुमारास. मोठे दरवाजे तीन: उत्तरेला बझारगेट, पश्चिमेला चर्चगेट, दक्षिणेला अपोलो गेट. जुने मुंबईकर या आतल्या भागाला 'कोट' म्हणत आणि तटापलीकडच्या वस्तीला 'बाहेरकोट'. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं आणि १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा कोटातले व्यापारी इतके हादरले की तटाभोवती खंदक खणायला त्यांनी वर्गणी काढली. आपल्या ठाण्याच्या किल्ल्यावर (हो, तोच, आता कारागृह आहे तो) भगवं निशाण चढलं, त्याचा धक्का इथवर पोचला होता.

१८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियरने हा तट पाडून टाकला. शहर गुदमरत होतं आणि शत्रू उरला नव्हता. तटाचा एक अवशेष सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, सीएसएमटीच्या मागच्या अंगाला उरला आहे. रुग्णालय आहे हे लक्षात ठेवून जा. फोटोसाठी रुग्णांच्या नातेवाइकांमधून वाट काढत फिरणं बरं दिसत नाही. वेळ कमी असेल तर हे टप्प्यातून गाळा.

त्याला लागूनच जीपीओ. जॉन बेगची ही इमारत १९१३ मध्ये पुरी झाली. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. आत जाता येतं, कारण ते चालू पोस्ट ऑफिस आहे. घुमटाखाली उभं राहून घरी एक पोस्टकार्ड टाका. आमच्या भाचीने स्वतःलाच टाकलं आणि ते पोचेपर्यंत रोज पोस्टमनची वाट पाहिली.

जीपीओच्या मागे शिरलात की रस्ता एकदम आक्रसतो. हाच बझारगेटचा भाग, आजचा पेरीन नरिमन रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या. कोटाच्या उत्तर अर्ध्यात पारशी, गुजराती, बोहरी व्यापारी राहत. दक्षिण अर्ध्यात इंग्रज. म्हणून इथे घराला घर चिकटलेलं, वर लाकडी सज्जे, खाली दुकान. १८०३ च्या आगीत या बाजूचा मोठा भाग भस्मसात झाला, आणि त्यानंतरच लोक मोठ्या संख्येने बाहेरकोटात राहायला गेले. १७०९ ची बनाजी लिमजी अग्यारी इथलीच. तीही त्या आगीत जळाली आणि पुढे नव्याने बांधली गेली. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, दारातूनच नमस्कार करा.

या गल्ल्यांत घाईने चालू नका, पण रस्त्याच्या मधोमधही थांबू नका. हातगाडीवाला "बाजू, बाजू" म्हणत येतो आणि तो थांबणार नसतो. खालच्या दुकानांच्या पाट्या सोडा, पहिल्या मजल्यापासून वर बघा. जुनं जे काही उरलंय ते तिथे आहे. पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी मिळते; वडापाव खाल्ला नसेल तर इथे खा, दोन्ही खाल तर पुढचं चालणं जड जाईल. अनुभव आहे.

इथून दक्षिणेकडे चालत मिंट रोडवर आलात की एक कारंजं लागतं, आणि माझ्या मते सबंध फेरीतली ही सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. रतनसी मुळजी या व्यापाऱ्याने आपल्या मुलाच्या, धरमसीच्या, आठवणीसाठी ते बांधलं. मुलगा १८८९ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी गेला. १८९४ चं बांधकाम, आराखडा पुन्हा स्टीव्हन्सचा. खाली प्राण्यांची मुंडकी, नक्षी, सगळी धामधूम आहे. पण टोकाला बघा: एक मुलगा पुस्तक वाचत बसला आहे. भोवती टॅक्सी, टेम्पो, चहाची किटली घेऊन पळणारी पोरं, आणि वर हा मान खाली घालून वाचतोय. मी दर वेळी इथे दहा मिनिटं काढते. समोरच्या पायरीवर सावली असते.

गोल बाग, तीस पायऱ्या आणि एक देऊळ

मिंट रोडने सरळ पुढे गेलं की हॉर्निमन सर्कल. पूर्वी इथे मोकळं पटांगण होतं, कापसाच्या गासड्या पडलेल्या असत. १८७२ पर्यंत त्याची गोल बाग आणि भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती झाल्या. आधी नाव एल्फिन्स्टन सर्कल, पुढे स्वातंत्र्यलढ्याची बाजू घेणाऱ्या संपादक बेंजामिन हॉर्निमनचं नाव मिळालं. इथली लाल इमारत 'मुंबई समाचार'ची. १८२२ पासून निघणारं हे गुजराती वृत्तपत्र आशियातलं सर्वांत जुनं चालू वृत्तपत्र आहे. टाउन हॉलजवळच्या वडाखाली दलाल जमत, त्यातूनच १८७५ मध्ये शेअर बाजाराची संस्था उभी राहिली. शेअर बाजाराची उंच इमारत मागे डोकावते आहेच.

पूर्वेला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. १८३३ मध्ये पूर्ण झालेली इमारत, पुढे जाडजूड खांब आणि तीस पायऱ्या. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी इथे हमखास भेटतात. त्यांच्या झग्याचा घोळ चुकवून वर जा. दार उघडं असेल आणि पहारेकऱ्याने जाऊ दिलं तर आत संगमरवरी पुतळ्यांत नाना शंकरशेट बसलेले आहेत, पगडीसकट. हे इथले दुसरे नाना. स्टेशनवर जे गोल चौकटीत होते ते इथे पूर्ण आकारात. आवाज न करता पाहा, वाचणारे लोक असतात.

टाउन हॉलच्या मागे इंग्रजांचा मूळ किल्ला, बॉम्बे कॅसल. तो नौदलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही, भिंतीचा फोटोही काढू नका. पण तिथल्या नौदल तळाचं नाव ऐका: आयएनएस आंग्रे. ज्या बूनने तट बांधला, त्याने कान्होजी आंग्र्यांच्या किल्ल्यांवर स्वाऱ्या केल्या आणि हात हलवत परत आला. आता त्याच्या घरावर आंग्र्यांची पाटी आहे. ही गोष्ट मी पायऱ्यांवर बसून सांगते, आणि आजवर एकही पाहुणा हसल्यावाचून राहिलेला नाही.

सर्कलच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथेड्रल. पाया सतराव्या शतकात घातला गेला, चाळीसेक वर्षं भिंती अर्धवट पडून राहिल्या, आणि १७१८ च्या नाताळात ते एकदाचं उघडलं. आत जाता येतं. चपला काढाव्या लागत नाहीत, टोपी काढावी. भिंतींवरच्या स्मृतिशिळा वाचा. विशी-पंचविशीतली माणसं, बाळंतपणात गेलेल्या बायका, तापाने गेलेले शिपाई. दोन पावसाळे म्हणजे गोऱ्या माणसाचं आयुष्य, अशी म्हण त्या काळी मुंबईबद्दल होती.

आणि हेच ते चर्च. भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. उरलेल्या अर्ध्यासाठी वीर नरिमन रस्त्याने पश्चिमेकडे चालायचं. चालताना ध्यानात घ्या, की ढोबळमानाने हाच रस्ता गोऱ्यांचा आणि आपल्या लोकांचा कोट वेगळा करत होता.

तटाच्या जागी : फाउंटन

पाचेक मिनिटांत फ्लोरा फाउंटन. इथे, याच जागेच्या आसपास, चर्चगेट उभं होतं: चर्चकडे नेणारा दरवाजा. दरवाजा गेला, नाव रस्त्याला राहिलं, रस्त्यावरून स्टेशनला चिकटलं. कारंजाकडे पाठ करून पूर्वेला तोंड करा म्हणजे सरळ रेषेत चर्चची दिशा दिसते. भाचीला इथे उभं करून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग स्टेशनचं नाव चुकलंच की." बाबा म्हणाले, "बोरीबंदरला तरी बोरी कुठे आहेत?"

कारंजं १८६४ चं, नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्साइथचं कोरीवकाम. काही वर्षांपूर्वी साफसफाई होऊन पाणी पुन्हा सुरू झालं. पण मराठी माणसाने कारंजाआधी शेजारचं हुतात्मा स्मारक पाहावं. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. चळवळीत बळी गेलेल्या १०६ जणांची ही जागा; मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. १ मे आणि २१ नोव्हेंबरला इथे मोठी गर्दी आणि बंदोबस्त असतो, त्या दिवशी भटकंती ठेवू नका, नमन करायला मात्र या.

काळा घोडा

महात्मा गांधी रस्त्याने दक्षिणेकडे चालत राहा. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, तो १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला. ५२ वर्षं घोड्याविना घोड्याचं नाव चाललं, मग २०१७ मध्ये नवा घोडा आला, स्वार नसलेला. बाजूच्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तट. इथेच तट होता याची ही पाटीवरची खूण, आता पाटीही बदलली.

आकाशी रंगाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं. आत जायला ओळखपत्र लागतं, ते जवळ असू द्या. समोरच्या पट्ट्यात डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०), आणि त्याच्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे हलते चित्रपट देशात पहिल्यांदा इथे दाखवले गेले. इमारतीची अवस्था वाईट आहे, खालून चालू नका.

जहांगीर कलादालन फुकट आहे, थंड आहे, बसायला जागा आहे. दुपारचे साडेअकरा-बारा झालेले असतात; इथे विसावा घ्या. समोरचं वस्तुसंग्रहालय याच फेरीत घुसवू नका, त्याला वेगळा दिवस द्या. गेटवेही नको. तिसरा दरवाजा, अपोलो गेट, दक्षिणेला अपोलो बंदराच्या बाजूचा. त्याचं काहीच उरलं नाही. 'अपोलो' हा आपल्या 'पालवा' बंदराचा इंग्रजी अपभ्रंश मानतात, एवढं माहीत असलं की पुरे.

तटाबाहेर : ओव्हल

आता कर्मवीर भाऊराव पाटील मार्गावर या. तट होता तेव्हा तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून बाहेरची जमीन रिकामी ठेवलेली असे. तट पडल्यावर हीच जमीन सरकारच्या हाती आली आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते १८६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा आणि मोकळी जमीन एकदम मिळाली, म्हणून उच्च न्यायालय, विद्यापीठ अशी एका ओळीत उभी दिसतात.

राजाबाई टॉवर २८० फूट उंच, १८७८ मध्ये पुरा झाला. पैसे प्रेमचंद रायचंदचे, नाव त्यांच्या आईचं. आईला दिसत नव्हतं, सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम होता, वेळ कळावी म्हणून घंटा, अशी गोष्ट सांगतात. १८६५ मध्ये कापसाचा फुगा फुटला आणि प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र पुढे पुरा झाला.

ओव्हलच्या मधून जाणाऱ्या पायवाटेवर मध्यावर थांबा. पूर्वेला हे टोकदार मनोरे, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोलाईदार आर्ट डेको इमारती, मध्ये क्रिकेट. या दोन्ही ओळी धरून परिसरातल्या ९४ इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. चेंडूवर लक्ष ठेवा; एकाच मैदानावर चार सामने चालू असतात आणि "बॉल" ही हाक कुणासाठी आहे ते कळायच्या आत तो येतो.

परतताना

चर्चगेटकडे जाताना वीर नरिमन रस्त्यावर भिखा बेहराम विहीर आहे, १७२५ ची. पारशांसाठी राखीव, बाहेरची पाटी तेवढी वाचा.

तिथून पुन्हा फाउंटनवर येऊन दादाभाई नौरोजी रस्त्याने सीएसएमटीला या. पावसाची सोय म्हटलं होतं ती हीच: या रस्त्यावर इमारतींच्या तळमजल्याला सलग कमानी ठेवणं एकेकाळी बंधनकारक होतं, त्यामुळे बराचसा पट्टा सावलीतून चालता येतो. पायांनी संप पुकारला असेल तर हुतात्मा चौकातून मेट्रो आहे, पुढचंच स्टेशन सीएसएमटी.

दीड-दोनच्या आत गाडीत बसा. त्या वेळी सीएसएमटीहून ठाणे लोकलला बसायला जागा मिळते, आणि पगडीवाले नाना दिसले की नाही यावर घाटकोपरपर्यंत वाद घालता येतो. आमच्याकडे अजून चालू आहे. जिजाजींच्या मते त्यांनी पाहिला तो जमशेटजी होता.